गेम यंत्राचे फर्मवेअर बिघडले तर : दोष आधी शोधा, हात नंतर घाला

मोबाइल दुरुस्तीचा धंदा करणाऱ्या बंधूंना एक गोष्ट ठाऊक आहे. नव्या मोबाइलमध्ये दुरुस्तीला वाव कमी होत चालला आहे आणि स्पर्धा मात्र वाढत चालली आहे. अशा वेळी जो कारागीर इतरांनी परत पाठवलेले काम हाती घेऊ शकतो, त्याचेच दुकान टिकते. छत्रपती संभाजीनगर (औरंगाबाद) शहरात पैठण गेटचा परिसर मोबाइलच्या दुकानांमुळे सर्वांच्या परिचयाचा झाला. तेथे काय किंवा शहागंज, रोशन गेटच्या गल्लीत काय, दुरुस्तीच्या टेबलावर अधूनमधून एक जुने यंत्र येते. ते म्हणजे सोनी कंपनीचे हातात धरून खेळायचे गेम यंत्र, पीएसपी. बहुतेक दुकानांतून ते "याचे सॉफ्टवेअर उडाले आहे" एवढे सांगून परत जाते. कधी कधी तर न तपासताच त्यात नवे सॉफ्टवेअर घालण्याचा प्रयत्न होतो आणि चालू होऊ शकणारा सेट कायमचा बंद पडतो.

हे यंत्र जपानमध्ये डिसेंबर २००४ मध्ये विक्रीला आले. जगभरात सुमारे ८ कोटी यंत्रे विकली गेली आणि २०१४ साली सोनीने त्याचा पुरवठा थांबवला. म्हणजे आज गिऱ्हाइकाच्या हातात असलेला प्रत्येक सेट जुना आहे आणि त्याच्या बदल्यात कंपनीचा नवा मिळणार नाही. आपल्या हातून तो बिघडला तर भरपाई कशी करणार? म्हणून या कामात घाई करून चालत नाही. आजच्या धड्यात बदललेल्या फर्मवेअरचे सेट कसे तपासावेत, दोष कोणत्या क्रमाने शोधावा आणि कोठे हात आखडता घ्यावा, हे पाहू.

१. फर्मवेअर म्हणजे काय?

आपल्या शहरातील हिमरूचे काम ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. माग लाकडाचा व लोखंडाचा असतो, पण नक्षी ठरते ती जकार्डच्या भोके पाडलेल्या पत्त्यांवरून. माग तोच राहतो, पत्ते बदलले की नक्षी बदलते. गेम यंत्रातील बोर्ड, पडदा, बटणे व बॅटरी हा माग समजा. बोर्डावरील एका चिपमध्ये कायम साठवलेल्या सूचना म्हणजे पत्ते. या सूचनांनाच फर्मवेअर म्हणतात. यंत्र सुरू झाल्याबरोबर आधी त्याच वाचल्या जातात आणि त्यानंतर पडद्यावर यादी दिसते.

विणकर आणखी एक गोष्ट जाणतो. एखादा पत्ता चुकीचा लागला तर कापडावरची चूक दर आवर्तनात त्याच जागी येते. सूत तुटत असेल किंवा मागाचा भाग ढिला असेल तर चूक कधी इथे, कधी तिथे दिसते. दुरुस्तीच्या टेबलावर हाच ठोकताळा उपयोगी पडतो. सेट दर वेळी नेमक्या त्याच टप्प्यावर, त्याच संदेशावर अडत असेल तर सूचनांवर किंवा कार्डावरील फाइलवर संशय घ्या. कधी चालतो, कधी बंद पडतो, हलवला की बंद होतो, गरम झाला की बंद होतो, असे असेल तर वीज, बॅटरी, पट्टी किंवा डाग यांवर संशय घ्या. हा नियम शंभर टक्के लागू पडत नाही, पण सुरुवात कोठून करायची हे तो सांगतो.

२. बदललेले फर्मवेअर

कंपनीचे फर्मवेअर फक्त कंपनीने मंजूर केलेलेच प्रोग्राम चालवते. २००५ सालीच हौशी प्रोग्रामरांनी यातून वाट काढली आणि घरी बनवलेले प्रोग्राम या यंत्रावर चालू लागले. अशा प्रोग्रामांना होमब्रू म्हणतात. २००६ पासून डार्क अ‍ॅलेक्स या टोपणनावाच्या प्रोग्रामरने कंपनीच्या फर्मवेअरमध्ये फेरफार करून तयार केलेली फर्मवेअर प्रसिद्ध झाली. त्यांपैकी ५.०० एम३३ हे नाव जुन्या सेटवर अजूनही दिसते. पुढे ६.२० व ६.६० वर आधारलेली प्रो आणि एलएमई ही नावे आली. कंपनीचे शेवटचे फर्मवेअर ६.६१ असून ते २०१५ मध्ये आले. आज जे सेट येतात त्यांत बहुधा ६.६० किंवा ६.६१ वर आधारलेले फेरफार असतात. एआरके-४ हे त्यांतले अलीकडचे नाव.

सेट चालू असेल तर सेटिंग्ज, मग सिस्टिम सेटिंग्ज, मग सिस्टिम इन्फर्मेशन येथे जा. आकड्यापुढे एम३३, प्रो, एलएमई असे काही लिहिलेले दिसले तर फर्मवेअर बदललेले आहे आणि या क्षणी ते चालू आहे. नुसता आकडा दिसला तर एकतर फर्मवेअर मूळचे आहे किंवा बदल तात्पुरता असून सध्या उतरलेला आहे. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो.

३. आधी मॉडेल ओळखा

सेट हाती आल्यावर पहिले काम म्हणजे पाठीमागच्या लेबलवरील मॉडेल क्रमांक वहीत लिहिणे. जाड व वजनदार तो १००० मालिकेचा. पातळ व हलका तो २००० किंवा ३००० मालिकेचा. ३००० ला मायक्रोफोनचे बारीक छिद्र असते आणि 'होम' या अक्षरांऐवजी कंपनीचे पीएस चिन्ह असते. सरकत्या पडद्याचा तो गो. वायफाय नसलेला आणि एकाच स्पीकरचा तो ई-१०००.

हे का पाहायचे? कारण १००० मालिकेत आणि २००० मालिकेच्या जुन्या बोर्डांत बदललेले फर्मवेअर कायमचे बसते. २००० मालिकेतील टीए-०८८ आवृत्ती ३ हा बोर्ड आणि ३००० मालिका यांत कंपनीने सुरुवातीचा भाग बदलला. त्यामुळे तेथे फेरफार तात्पुरता बसतो. सेट पूर्ण बंद केला किंवा बॅटरी काढली की तो उतरतो. नंतर इन्फिनिटी नावाच्या साधनामुळे नव्या बोर्डांवरही तो दर वेळी आपोआप चढवण्याची सोय झाली. पण जुन्या बोर्डासाठी असलेले कायमचे फर्मवेअर नव्या बोर्डावर जबरदस्तीने घातले तर सेट मेलाच म्हणून समजा. बाहेरून २००० चे दोन सेट अगदी सारखे दिसतात. आतला बोर्ड कोणता हे पीएसपी-आयडेंट नावाचा छोटा होमब्रू प्रोग्राम पडद्यावर दाखवतो. बोर्ड कळल्याशिवाय कायमच्या फर्मवेअरला हात लावू नये.

४. पहिली पायरी : वीज

"सॉफ्टवेअर गेले" असे सांगत आलेल्या सेटमध्येही आधी वीजच तपासावी. क्रम असा ठेवा.

(अ) होल्ड. वीज चालू करण्याचे सरकते बटण उलट्या बाजूला सरकवले तर सर्व बटणे कुलूपबंद होतात. सेट मेल्यासारखा वाटतो. आधी ते बटण मधोमध आणा.

(आ) चार्जर. मल्टिमीटरवर ५ व्होल्ट यायला हवेत. बाजारात त्याच जाडीच्या पिनेचे वेगळ्या व्होल्टचे चार्जर मिळतात. चुकीचा चार्जर लावल्याने चार्जिंगच्या खाचेजवळील बारीक फ्यूज उडतो. सेट उघडल्यावर त्या फ्यूजची जोडणी मीटरच्या बझरवर तपासा. एवढ्याशा फ्यूजमुळे पूर्ण बोर्ड बदलायला सांगणे हे कारागिराला शोभत नाही.

(इ) बॅटरी. हिच्यावर ३.६ व्होल्ट लिहिलेले असते, पूर्ण भरल्यावर ४.२ च्या आसपास दिसते. मूळ बॅटरी १००० मालिकेसाठी १८०० आणि पातळ सेटसाठी १२०० एमएएच क्षमतेची होती. तेवढ्याच आकाराच्या बॅटरीवर ३६०० लिहिलेले दिसले तर तो आकडा खरा मानू नका. मागचे झाकण उचलले गेले असेल तर बॅटरी फुगलेली आहे. ती दाबू नका, टोचू नका, चार्ज करू नका. बाजूला काढून वेगळी ठेवा.

(ई) बॅटरी काढून फक्त चार्जरवर सेट सुरू करून पाहा. १०००, २००० आणि ३००० हे तिन्ही असे चालतात. चालला तर दोष बॅटरीचा. फर्मवेअरला दोष देण्याचे कारणच उरत नाही.

(उ) पडदा. हिरवा दिवा लागून राहतो पण पडदा काळा असतो. अशा वेळी बटणे दाबून टिकटिक आवाज येतो का ऐका. मोबाइलचा टॉर्च पडद्यावर तिरका धरा. पुसट चित्र दिसले तर यंत्र शाबूत आहे, फक्त मागचा उजेड गेला आहे. पट्टी निघाली असेल किंवा पडदा बदलावा लागेल.

५. दुसरी पायरी : मेमरी कार्ड

वीज ठीक असेल तर मेमरी स्टिक बाहेर काढा आणि सेट कार्डाशिवाय सुरू करा. ही चाचणी एका मिनिटाची आहे आणि निम्मे कोडे तेथेच सुटते. कार्डाशिवाय सेट नीट सुरू होतो आणि कार्ड घातले की अडकतो, असे झाले तर फर्मवेअर शाबूत आहे. दोष कार्डात, कार्डावरच्या फाइलीत किंवा प्लगइनमध्ये आहे. प्लगइन म्हणजे फर्मवेअरला जोडलेले छोटे प्रोग्राम. ते कार्डावर सेप्लगइन्स नावाच्या फोल्डरमध्ये राहतात. कार्ड संगणकाला लावून त्या फोल्डरचे नाव बदला आणि पुन्हा पाहा. सेट सुरू झाला तर एकेक प्लगइन परत घालून दोषी कोणता ते शोधा.

कार्ड फॉर्मॅट करायची वेळ आली तर आधी त्यातील सेव्हडेटा हा फोल्डर संगणकावर उतरवून घ्या. गिऱ्हाइकाच्या मुलाने वर्षानुवर्षे खेळून मिळवलेली सर्व प्रगती त्यात असते. आपल्याला ती काही किलोबाइटांची फाइल दिसते, पण त्या घरात तिची किंमत सेटपेक्षा जास्त असू शकते. दुरुस्तीला आलेला माल ही अमानत आहे, आणि कार्डावरील माहितीही त्या अमानतीतच मोजावी.

फॉर्मॅट नेहमी यंत्रातूनच करावे, म्हणजे त्याला हवी ती फोल्डरांची रचना आपोआप तयार होते. कार्डे बनावटही मिळतात. ३२ जीबी लिहिलेल्या कार्डात प्रत्यक्षात फारच कमी जागा असते आणि त्यापुढची प्रत्येक फाइल खराब निघते. कार्ड पूर्ण भरून आणि परत वाचून पाहणारे एच२टेस्टडब्ल्यू सारखे साधन संगणकावर ठेवा. मायक्रोएसडी घालायचे अ‍ॅडॉप्टर वापरले असेल तर त्याचे टोक ढिले नाही ना, हेही पाहा.

गेमच्या यादीत "करप्टेड डेटा" असे चिन्ह दिसले की गिऱ्हाईक घाबरते. बहुतेक वेळा फाइल चुकीच्या जागी असते. होमब्रू प्रोग्रामची जागा ठरलेली आहे : पीएसपी फोल्डरात गेम फोल्डर, त्यात प्रोग्रामच्या नावाचा फोल्डर आणि त्यात ईबूट.पीबीपी ही फाइल. झिप उघडताना फोल्डरात आणखी एक फोल्डर तयार झाला की यंत्राला फाइल सापडत नाही. एक पायरी वर आणली की काम झाले.

६. तिसरी पायरी : फर्मवेअर खरोखर बिघडले आहे का?

येथे चार प्रकार पडतात. प्रत्येकाची खूण वेगळी आहे.

पहिला प्रकार, काहीच बिघडलेले नाही. सेट सुरू होतो, पण प्रोग्राम उघडताना "गेम सुरू करता आला नाही" असा संदेश व ८००२०१४८ हा आकडा येतो. याचा सरळ अर्थ असा की यंत्र या प्रोग्रामला मंजुरी नसलेला प्रोग्राम समजते आहे. ३००० मालिकेच्या सेटची बॅटरी पूर्ण उतरली किंवा कोणी काढली की तात्पुरता फेरफार उतरतो आणि नेमका हाच संदेश दिसतो. अशा वेळी गेमच्या यादीतील फास्ट रिकव्हरी हा प्रोग्राम एकदा चालवावा. यंत्र पुन्हा सुरू होते आणि सर्व पूर्ववत होते. कार्ड फॉर्मॅट केल्यामुळे तो प्रोग्रामच पुसला गेला असेल तर त्याच आवृत्तीचा पुन्हा ठेवावा. ज्या सेटला फक्त एक बटण दाबायचे होते त्यात नवे फर्मवेअर घालत बसणे म्हणजे डोकेदुखीवर शस्त्रक्रिया करण्यासारखे आहे.

दुसरा प्रकार, सेटिंग बिघडल्या आहेत. निळ्या पडद्यावर निरनिराळ्या भाषांत "सेटिंगची माहिती खराब झाली आहे, गोल बटण दाबा" असा संदेश येतो. बटण दाबल्यावर मूळ सेटिंग परत येतात. एकदा होऊन थांबले तर काळजी नको. दर वेळी तेच होत असेल तर सेटिंग साठवणारा चिपमधील भाग बिघडला आहे.

तिसरा प्रकार, अर्धी वीट. इंग्रजीत मेलेल्या यंत्राला ब्रिक म्हणजे वीट म्हणतात. अर्ध्या विटेत कंपनीचे चिन्ह दिसते, पण यादी येत नाही किंवा सेट तेथेच अडकतो. कायमचे बदललेले फर्मवेअर असेल तर आर बटण दाबून धरून सेट सुरू करा. रिकव्हरीची यादी उघडली तर जीव शिल्लक आहे. तेथून प्लगइन बंद करता येतात, संगणकाशी जोडून फाइली दुरुस्त करता येतात आणि योग्य आवृत्ती पुन्हा बसवता येते.

चौथा प्रकार, पूर्ण वीट. हिरवा दिवा काही सेकंद लागतो, पडदा काळा राहतो, कार्डाचा दिवा हलत नाही, आणि सेट आपोआप बंद होतो. वीज, बॅटरी व पडदा तपासून झाल्यावरच हा निष्कर्ष काढावा, त्याआधी नाही.

७. विटेतून परत : पँडोरा बॅटरी

कंपनीच्या दुरुस्ती केंद्रांसाठी या यंत्रात एक सर्व्हिस मोड ठेवलेला आहे. बॅटरीतील छोट्या चिपमध्ये एक क्रमांक असतो. तो विशिष्ट क्रमांक असेल तर यंत्र आपले फर्मवेअर न वाचता थेट कार्डावरून सूचना वाचते. २००७ साली हौशी प्रोग्रामरांनी हे शोधून काढले आणि त्या बॅटरीला पँडोरा हे नाव पडले. तिच्याबरोबर खास तयार केलेले मेमरी कार्ड लागते. १००० मालिका आणि २००० चे जुने बोर्ड यांतील पूर्ण वीट या दोन वस्तूंनी परत जिवंत होते. दुकानात अशी एक बॅटरी व एक कार्ड तयार ठेवावे आणि त्यावर ठळक खूण करावी.

खूण का करावी? या बॅटरीमुळे उलटाच घोळ होऊ शकतो. पँडोरा बॅटरी जुन्या सेटमध्ये घातली की सेट बटण न दाबता आपोआप सुरू होतो, हिरवा दिवा लागतो आणि पडदा काळाच राहतो, कारण तो कार्डावरच्या सूचनांची वाट पाहत असतो. जुन्या बाजारातून घेतलेल्या सेटमध्ये नकळत अशी बॅटरी आलेली असू शकते. "बॅटरी घातली की आपोआप चालू होतो, पण दिसत काही नाही" अशी तक्रार ऐकली की दुसरी साधी बॅटरी घालून पाहा. सेट सुरू झाला तर त्याला काहीही झालेले नव्हते.

टीए-०८८ आवृत्ती ३ चा बोर्ड आणि ३००० मालिकेवर ही जुनी पद्धत चालत नाही. अलीकडच्या वर्षांत बॅरियन स्वीपर नावाचे साधन आले आहे. त्यात संगणक स्वतःच बॅटरीसारखे बोलून नव्या बोर्डालाही सर्व्हिस मोडमध्ये नेतो. पण त्यासाठी तारा जोडणे, सिरीयल जोडणी व व्होल्ट यांचे पक्के ज्ञान हवे. ज्याला ते नाही त्याने भंगारातील बोर्डावर आधी सराव करावा, गिऱ्हाइकाच्या सेटवर नको.

८. फर्मवेअर घालायचेच असेल तर

सर्व तपासण्या झाल्या आणि दोष फर्मवेअरचाच निघाला, तर पुढील नियम मोडू नका.

एक, चार्जर लावलेला आणि बॅटरी चांगली भरलेली, दोन्ही हवे. लिहिण्याचे काम चालू असताना वीज गेली तर वीट तयार होते. आपल्याकडे वीज केव्हा जाईल याचा नेम नाही. म्हणून खराब बॅटरीच्या सेटमध्ये फर्मवेअर घालूच नये. आधी दुकानातील चांगली बॅटरी बसवावी.

दोन, सेट चालू असेल तर चिपमधील सर्व माहितीची प्रत आधी काढून संगणकावर ठेवा. तिला नँड डंप म्हणतात. प्रतीला मॉडेल क्रमांक व पावती क्रमांकाचे नाव द्या. या चिपमध्ये त्या एका सेटची स्वतःची ओळख साठवलेली असते. म्हणून एका सेटची प्रत दुसऱ्या सेटमध्ये कधीही घालू नका. मॉडेल सारखे असले तरी नाही.

तीन, फाइल उतरवल्यावर तिची एमडी५ बेरीज प्रसिद्ध केलेल्या बेरजेशी ताडून पाहा. अर्धवट उतरलेली फाइल हे वीट होण्याचे नेहमीचे कारण आहे.

चार, काम चालू असताना बटण दाबू नका, कार्ड काढू नका, "अडकले असेल" म्हणून बंद करू नका. चहा पिऊन या.

पाच, एका वेळी एकच बदल करा आणि प्रत्येक बदल वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर सेट कशाने सुरू झाला हेच कळत नाही, आणि पुढच्या सेटसाठी काही शिकायला मिळत नाही.

९. कायदा काय म्हणतो?

या कामात कायद्याची रेषा कोठे आहे हे प्रत्येक दुकानदाराने जाणून घ्यावे. कॉपीराइट कायदा १९५७ सालचा आहे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात कलम ६५ए आले. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. येथे 'हेतू' हा शब्द महत्त्वाचा आहे. कायद्याने मना नसलेल्या कामासाठी कुलूप ओलांडण्याची मुभा त्याच कलमात आहे. मात्र जो दुसऱ्याला त्यात मदत करतो त्याने त्या माणसाचे नाव, पत्ता, ओळख पटवणारा तपशील आणि कामाचा हेतू यांची पूर्ण नोंद ठेवली पाहिजे, असेही त्यात लिहिले आहे. म्हणजे दुकानातील नोंदवही ही नुसती शिस्त नाही, ते आपले संरक्षण आहे.

गेमची डिस्क गिऱ्हाइकाकडे आहे, पण डिस्क वाचणारा भाग झिजला आहे. अशा वेळी त्याच्याच डिस्कची प्रत कार्डावर घेऊन देणे ही एक गोष्ट आहे. कायदेशीर मालकाने आपल्या प्रोग्रामची नुकसानीपासून बचावासाठी प्रत ठेवण्याची तरतूद कलम ५२ मध्ये आहे. पण "शंभर गेम भरून मिळतील" अशी पाटी लावून कोणाच्याही कार्डात नकला भरून विकणे ही पूर्ण वेगळी गोष्ट आहे. कलम ६३ खाली त्याला सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड सांगितला आहे. उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाचा पोलीस अधिकारी अशा नकला वॉरंटशिवाय जप्त करू शकतो. गेम भरून मिळणाऱ्या थोड्या पैशांसाठी दुकान, संगणक आणि टेबलावरचे इतरांचे सेट धोक्यात घालणे हा सौदा तोट्याचा आहे. दुसऱ्याच्या मेहनतीची फुकट विक्री करून जी कमाई होते तिला धंदा म्हणता येत नाही. शंका असेल तेथे ओळखीच्या वकिलाचा सल्ला घ्यावा.

१०. मजुरी कशी लावावी?

या कामात खरा वेळ तपासणीत जातो, आणि आपले कारागीर नेमक्या तपासणीचेच पैसे घेत नाहीत. त्यामुळे मोठे काम दाखवण्याचा मोह होतो. फास्ट रिकव्हरीचे एक बटण दाबले आणि "नवे फर्मवेअर टाकले" असे सांगून मोठी रक्कम घेतली, असे केले तर गिऱ्हाईक आज पैसे देईल, पण बॅटरी पुन्हा उतरल्यावर सेट परत येईल आणि खरे काय ते त्याला कुठून तरी कळेल. त्यापेक्षा तपासणीची वेगळी, ठरलेली मजुरी आधीच सांगा. समजा तपासणीचे १५० रुपये ठरवले. दोष होल्डच्या बटणाचा निघाला तरी १५० च घ्या आणि तो कसा टाळायचा हे गिऱ्हाइकाला दाखवून द्या. फर्मवेअरचे काम निघाले तर त्याची रक्कम वेगळी सांगा आणि धोका आधी सांगून पावतीवर त्याची सही घ्या. पावतीवर मॉडेल, आलेली तक्रार, सेटची बाहेरची अवस्था, बॅटरी व कार्ड बरोबर आहे की नाही, आणि फर्मवेअरचा आकडा, एवढे तरी असावे.

११. शागीर्दांसाठी सराव

उस्तादांनी आपल्या शागीर्दांना पुढील चार तक्रारी द्याव्यात आणि सेट न उघडता पहिली चाचणी कोणती करणार ते विचारावे.

एक, ३००० चा सेट, बॅटरी उतरल्यापासून होमब्रू चालत नाही, ८००२०१४८ दिसते.

दोन, १००० चा सेट, बॅटरी घातली की आपोआप हिरवा दिवा लागतो, पडदा काळा.

तीन, २००० चा सेट, कार्ड घातल्यावर चिन्हावर अडकतो, कार्डाशिवाय चालतो.

चार, कोणताही सेट, कधी चालतो, कधी खेळताना बंद पडतो, संदेश काहीच येत नाही.

पहिल्याचे उत्तर फास्ट रिकव्हरी, दुसऱ्याचे साधी बॅटरी, तिसऱ्याचे प्लगइनचा फोल्डर, चौथ्याचे बॅटरी आणि तिची टोके. चारही तक्रारींत फर्मवेअर नव्याने घालण्याची गरज पडली नाही, हे शागीर्दाच्या ध्यानात आणून द्यावे. नवे फर्मवेअर घालणे हे औषध आहे खरे, पण ते शेवटचे औषध आहे. वीज, कार्ड, सेटिंग आणि मग फर्मवेअर हा क्रम ज्याच्या हाताला बसला, त्याला हेच ज्ञान जुने कॅमेरे, सेट-टॉप बॉक्स, मोबाइल अशा अनेक यंत्रांत उपयोगी पडेल. यंत्रे बदलत राहतील, पण दोष शोधण्याची रीत तीच राहते, आणि ती ज्याला येते त्याच्याकडे गिऱ्हाईक दुसऱ्या गल्लीतूनही चालत येते.